लाइक देणारे आणि पैसे पाठवणारे

बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यात रुग्णांच्या नातेवाइकांना ऑनलाइन मदतनिधीची पाने तयार करून देण्याचे काम स्वेच्छेने करते. काम बरेचसे कारकुनीच आहे: रुग्णालयाच्या लेटरहेडवर खर्चाचे अंदाजपत्रक मिळवायचे, आधार आणि पॅनच्या प्रती जोडायच्या, आजाराची हकिगत चार परिच्छेदांत नीट लिहायची आणि संकेतस्थळाच्या पडताळणीतून सगळे पार पडेपर्यंत पाठपुरावा करत राहायचे. पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येक कुटुंब एकच प्रश्न विचारते, "ताई, हे व्हायरल कसं करायचं?" प्रश्न रास्त आहे, कारण कोट्यवधी रुपये काही दिवसांत जमल्याच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या असतात आणि त्या प्रत्येक बातमीत सोशल मीडियाचा उल्लेख ठळकपणे असतो. हे काम करताना आणि या विषयावरचे संशोधन वाचताना माझे मत मात्र हळूहळू वेगळे बनत गेले. सोशल मीडियावरील प्रतिसाद आणि जमणारा पैसा यांचा संबंध निश्चित आहे, पण तो बहुतेकांना वाटतो त्याच्या उलट्या दिशेने चालतो. आधी ओळखीच्या माणसांचा पैसा येतो, त्या पैशामुळे पानाला विश्वासार्हता मिळते आणि ती मिळाल्यावरच अनोळखी लोकांच्या लाइक-शेअरला काही मोल येते.

निव्वळ प्रतिसादाच्या बळावर किती पैसा उभा राहतो याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण सुदानमधील दार्फूरशी संबंधित आहे. तेथील नरसंहाराकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी फेसबुकच्या आरंभीच्या वर्षांत 'कॉजेस' या अ‍ॅपवर 'सेव्ह दार्फूर' नावाची मोहीम चालवली गेली. केव्हिन लुइस, कर्ट ग्रे आणि येन्स मायरहेनरिख या अभ्यासकांनी तिच्या संपूर्ण नोंदी तपासून 2014 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोहिमेचे सदस्य पावणेबारा लाखांच्या आसपास होते, आणि आजच्या मोजमापानेही हा आकडा लहान नाही. परंतु त्यांपैकी 99.76 टक्के सदस्यांनी एक डॉलरही दिला नव्हता आणि सुमारे 72 टक्के सदस्यांनी दुसऱ्या एकाही व्यक्तीला मोहिमेत आणले नव्हते. जवळजवळ तीन वर्षांत जमलेली एकूण रक्कम 90 हजार डॉलरच्या थोडी वर होती. प्रत्येक सदस्यामागे हिशोब केला तर आठ सेंटसुद्धा होत नाहीत. एवढा मोठा समुदाय काही हजार दात्यांच्या पलीकडे पैशाच्या रूपाने अस्तित्वातच नव्हता.

हे लोक निर्दयी होते असे मानण्याचे कारण नाही. सामील होण्याचे बटण दाबले तेव्हा त्यांना खरोखरच वाईट वाटले असणार, आणि ते वाईट वाटणे त्याच बटणावर संपलेही असणार. कर्क क्रिस्टोफरसन, कॅथरीन व्हाइट आणि जॉन पेलोझा यांनी 2014 मध्येच प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा रोख नेमका या मुद्द्यावर होता. एखाद्या कार्याला चारचौघांत दिसेल असा छोटा पाठिंबा देणारा माणूस नंतर खऱ्या मदतीसाठी विचारले असता फारसा पुढे येत नाही. तोच छोटा पाठिंबा कोणाला न दिसता दिलेला असेल, तर मात्र तो पुढे अधिक मदत करण्याची शक्यता वाढते. चारचौघांत दिलेल्या पाठिंब्याने आपण चांगले आहोत हे इतरांना दाखवून झालेले असते, त्यामुळे पुढचे पाऊल टाकण्याची निकड उरत नाही. युनिसेफच्या स्वीडनमधील शाखेने 2013 मध्ये एक जाहिरात केली होती. आमच्या फेसबुक पानाला लाइक द्या, आम्ही पोलिओविरुद्ध शून्य मुलांचे लसीकरण करू, अशा आशयाची. लस विकत घ्यायला पैसे लागतात, हे त्यांना सांगायचे होते. मदतीची पाने चालवणाऱ्या प्रत्येकाने ही जाहिरात एकदा तरी डोळ्यांखालून घालावी असे मला वाटते.

यात तांत्रिक अडसरही आहेत आणि ते दिसतात त्याहून मोठे आहेत. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात दिलेली लिंक दाबता येत नाही. वाचणाऱ्याला आधी प्रोफाइलवर जावे लागते, तेथील लिंक शोधावी लागते, मग दुसरे संकेतस्थळ उघडते, रक्कम निवडावी लागते, त्या संकेतस्थळासाठी ऐच्छिक म्हणून आधीच भरून ठेवलेली टिप काढायची की ठेवायची हे ठरवावे लागते, आणि शेवटी यूपीआयचा पिन टाकावा लागतो. बसमध्ये उभ्याने रील पाहणारा माणूस या प्रत्येक पायरीवर गळत जातो. लाइक देण्यासाठी अंगठा दोनदा टेकवणे पुरते. त्यामुळे हजार लाइक म्हणजे हजार इच्छुक दाते हा हिशोब मुळातच चुकीचा आहे. पोस्टखाली जोडलेल्या हातांचे इमोजी आणि लवकर बरे व्हावे अशा सदिच्छांची रांग लागते तेव्हा कुटुंबाला धीर येतो आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही, पण रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर तो धीर भरता येत नाही.

मग सोशल मीडियाचा यशाशी संबंध दाखवणारे जे संशोधन नेहमी पुढे केले जाते त्याचे काय? त्यातील सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधील ईथन मॉलिक यांचा आहे आणि तोही 2014 चाच. त्यांनी चित्रपटांसारख्या नव्या प्रकल्पांसाठी लोकांकडून पैसे जमवून देणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळावरील 48,500 हून अधिक प्रकल्प तपासले. चित्रपट विभागातील प्रकल्पकर्त्याचे फेसबुकवर 10 मित्र असतील तर यशाची शक्यता 9 टक्के, 100 असतील तर 20 टक्के आणि 1,000 असतील तर 40 टक्के, असा त्यांचा हिशोब निघाला. हे आकडे वाचून अनेकजण अर्थ काढतात की फॉलोअर वाढवले म्हणजे काम झाले. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मात्र फारसा कोणी सांगत नाही: फेसबुकवर मोजके मित्र असणाऱ्याने आपले खाते प्रकल्पाला जोडण्यापेक्षा न जोडणे अधिक हिताचे ठरत होते. मित्रांची संख्या येथे त्या माणसाला प्रत्यक्ष आयुष्यात किती जण ओळखतात याची खूण होती. 2009 ते 2012 या काळात फेसबुकवरचे मित्र बहुधा वर्गातले, कार्यालयातले, शेजारचे आणि नात्यातले असत. त्या आकड्यावरून आजच्या इन्स्टाग्रामवरील फॉलोअरांबद्दल अनुमान काढणे मला धाडसाचे वाटते.

ओळखीच्या वर्तुळाचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे अजय अग्रवाल, क्रिस्तियान कातालिनी आणि अवी गोल्डफार्ब यांच्या अभ्यासातून स्पष्ट होते. त्यांनी 'सेलाबँड' या संकेतस्थळाचा अभ्यास केला, जेथे होतकरू गायक-वादक आपल्या अल्बमसाठी लोकांकडून छोट्या रकमा घेत आणि 50 हजार डॉलर जमल्यावर ध्वनिमुद्रण सुरू होई. कलाकार आणि पैसे देणारा यांच्यातील सरासरी अंतर सुमारे 5,000 किलोमीटर निघाले. म्हणजे इंटरनेटने भूगोल पुसला, असे वरवर पाहता वाटेल. पण पैसा कोणत्या क्रमाने आला हे तपासल्यावर चित्र पालटले. सुरुवातीचा पैसा जवळच्यांचा होता, त्यात कुटुंबीय आणि आधीपासूनचे मित्र होते. दूरचे लोक आले ते बरीच रक्कम जमलेली दिसू लागल्यावर. अनोळखी माणसाला कलाकाराच्या गुणवत्तेची खात्री करून घेण्याचा मार्ग नव्हता, म्हणून त्याच्या ओळखीच्यांनी काय केले हे त्याने पाहिले. आजारपणाच्या पानावर याच्याहून वेगळे काही घडत नाही. दहा लाखांच्या उद्दिष्टापुढे शून्य रुपये दिसत असलेले पान पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, 'याच्या घरच्यांनीसुद्धा काही दिले नाही का?'

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठाच्या तीन संशोधकांनी 2013 मध्ये किकस्टार्टरवरील मोहिमांचे भवितव्य आधीच वर्तवण्याचा प्रयत्न केला. जमणाऱ्या रकमेचा आलेख आणि ट्विटरवरील उल्लेखांसारखी सामाजिक माहिती एकत्र वापरून मोहीम सुरू झाल्यानंतर अवघ्या चार तासांत ती यशस्वी होणार की नाही हे 76 टक्क्यांहून अधिक अचूकतेने सांगता येते, असे त्यांनी दाखवले. मला त्यातील लक्षणीय गोष्ट ही वाटते की एकट्या रकमेच्या आलेखावरूनही अचूकता बरीच चांगली होती आणि सामाजिक माहितीने तिच्यात सापेक्षतः 4 टक्क्यांचीच भर घातली. लोकांनी काय म्हटले यापेक्षा पहिल्या काही तासांत त्यांनी काय दिले यातून अधिक कळत होते. किकस्टार्टरवर उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तर पैसे मिळत नाहीत, आपल्याकडील वैद्यकीय संकेतस्थळांवर जमेल तेवढे मिळतात, त्यामुळे तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करू नयेत हे मला मान्य आहे. तरी पहिल्या दिवसाचे महत्त्व दोन्हीकडे सारखेच असल्याचे मला दिसते.

म्हणून पान सार्वजनिक करण्याआधी मी कुटुंबाला बसवून नावांची यादी करायला लावते. त्यात चुलते-मावश्या, दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सोसायटीतले शेजारी, भिशी मंडळ, कंपनीतील कामगार संघटना, गावाकडची तालीम किंवा गणेश मंडळ आणि परदेशात असलेला एखादा मावसभाऊ, असे सगळे येतात. यादीतील प्रत्येकाला फोन करायचा, रुग्णालयाचे अंदाजपत्रक पाठवायचे आणि पान सुरू झाल्याबरोबर पहिल्याच दिवशी जमेल ती रक्कम टाकण्याची विनंती करायची. एवढे झाल्यावरच पोस्ट पुढे जाऊ द्यायची.

खरी अडचण येथे उभी राहते आणि ती तंत्राची नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत नातेवाइकांपुढे हात पसरणे ही फार मोठी नामुष्की मानली जाते. एका गृहस्थांनी मला स्पष्टच सांगितले होते, "ताई, लाख अनोळखी लोकांना मागेन, पण मेहुण्याला फोन करणार नाही." व्हायरल होण्याचा आग्रह मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजला. त्यामागे भाबडेपणा कमी आणि संकोच जास्त असतो. अनोळखी माणसाने पैसे दिले तर तो नंतर लग्नकार्यात भेटत नाही, मुलाच्या फीचा विषय काढत नाही, दिवाळीला नवा टीव्ही घेतलेला पाहून भुवया उंचावत नाही. त्यामुळे कुटुंबाला सर्वांत सोयीचा वाटणारा मार्ग पैसे येण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड असतो. हा संकोच दूर करण्याचा एकच उपाय मला सापडला आहे: फोन रुग्णाच्या वडिलांनी किंवा नवऱ्याने करण्याऐवजी त्यांच्या एखाद्या मित्राने करावा. दुसऱ्यासाठी मागताना मराठी माणूस लाजत नाही. गणपतीची वर्गणी मागायला तो तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढतोच.

वर्गणीचा विषय निघालाच आहे तर पैसा फंडाची आठवण काढायला हवी. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या फंडाने माणशी एक पैसा अशा क्षुल्लक रकमेतून स्वदेशी उद्योगासाठी भांडवल गोळा केले आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता, आणि पैसे गोळा करणारे स्वयंसेवक त्या त्या गावचे, लोकांच्या ओळखीचे असत. देशव्यापी प्रसिद्धी एका बाजूला आणि दारात उभा असलेला ओळखीचा माणूस दुसऱ्या बाजूला, अशी ती जोडी होती. त्याआधी 1885 मध्ये अमेरिकेत स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि रक्कम कितीही लहान असली तरी प्रत्येक देणगीदाराचे नाव छापण्याचे वचन दिले. काही महिन्यांत लाखाहून अधिक लोकांकडून 1 लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि त्यातील बहुतेक देणग्या एका डॉलरपेक्षा कमी होत्या. पुलित्झर यांनी दात्याला प्रसिद्धी दिली ती पैसे मिळाल्यानंतर. आजच्या माध्यमांत ती प्रसिद्धी पैसे न देताच, शेअरच्या बटणावर मिळून जाते. आपल्याकडे 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम गणेशोत्सवाच्या काळात चालतो. त्यात रोज एका सामाजिक संस्थेची सविस्तर ओळख छापून येते आणि वाचक धनादेश पाठवतात. तेथे लाइकची सोयच नाही. वृत्तपत्राने निवड केली आहे एवढ्या भरवशावर लोक पैसे देतात.

एवढे सगळे असूनही काही मोहिमा खरोखर व्हायरल होतात आणि त्यांतून अशक्य वाटणाऱ्या रकमा जमतात, हे नाकारून चालणार नाही. 2021 च्या सुरुवातीला मुंबईतील काही महिन्यांच्या एका मुलीला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या जनुकीय आजारासाठी झोल्जेन्स्मा हे औषध हवे होते आणि त्याची किंमत सुमारे 16 कोटी रुपये होती. आईवडिलांनी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तिच्या नावाची पाने उघडली, देशविदेशातून मदत आली आणि केंद्र सरकारने आयात शुल्क व जीएसटीपोटी होणारी सुमारे 6 कोटींची रक्कम माफ केली. त्याच वर्षी जुलैमध्ये केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील एका बालकासाठी त्याच्या मोठ्या बहिणीने, जिला स्वतःलाही हाच आजार होता आणि जी व्हीलचेअरवर होती, व्हिडिओतून आवाहन केले. आठवडाभरातच लागणारे 18 कोटी जमले आणि अखेरीस हा आकडा 46 कोटींच्या वर गेला. या दोन घटना माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात.

या मोहिमा एवढ्या दूर का पोहोचल्या याचा विचार केला की त्यांची नक्कल का करता येत नाही हे कळते. एकच मूल, एकच औषध, एकच रक्कम आणि मूल दोन वर्षांचे होण्याआधी ते औषध देण्याची गरज, असे सगळे त्यात एकत्र आले होते. अमेरिकेत मे 2019 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा हे औषध जगातील सर्वांत महाग म्हणून गाजले होते, त्यामुळे किंमतच बातमी होती. कन्नूरच्या मोहिमेमागे गावच्या लोकप्रतिनिधींसह स्थापन झालेली स्थानिक समिती होती आणि आखाती देशांत पसरलेले मल्याळी लोकांचे घट्ट जाळे होते. व्हिडिओ लाखोंनी पाहिला हे खरे, पण त्या लाखोंमधल्या अनेकांना तो गावच्या, मशिदीच्या किंवा संघटनेच्या ग्रुपवर ओळखीच्या माणसाकडून आलेला असणार. अशा घट्ट जाळ्यात फिरणारा व्हिडिओ आणि कोणत्याही ओळखीशिवाय रीलमध्ये समोर येणारा व्हिडिओ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, मग दोहोंचे व्ह्यू सारखे का असेनात.

आता याच्या शेजारी आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्या पन्नाशीच्या रिक्षाचालकाला ठेवून पाहा. त्याच्या आजारात अखेरची तारीख नाही, एका इंजेक्शनने सुटणारा प्रश्न नाही, चेहऱ्यावर बाळाचे हसू नाही. पहिल्या महिन्यात पैसे येतात, तिसऱ्या महिन्यात तेच लोक फोन उचलायचे टाळतात. मानसिक आजार, दारूमुळे बिघडलेले यकृत, क्षयाचे दीर्घ उपचार, यांना सोशल मीडियावर जवळजवळ थाराच नाही. प्रतिसादावर चालणारी मदत गरजेच्या प्रमाणात वाटली जात नाही, ती सांगता येण्याजोग्या हकिगतीच्या प्रमाणात वाटली जाते. अमेरिकेतील गोफंडमी या संकेतस्थळावरील 2016 ते 2020 या काळातील 4 लाख 37 हजारांहून अधिक वैद्यकीय मोहिमांचा अभ्यास नोरा केनवर्दी आणि मार्क इग्रा यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केला. उद्दिष्ट गाठणाऱ्या मोहिमा केवळ 12 टक्के होत्या आणि 16 टक्के मोहिमांना एकही देणगी मिळाली नव्हती. शिवाय जेथे लोकांचे उत्पन्न कमी आणि विमा नसलेल्यांचे प्रमाण जास्त होते, त्या भागांतील मोहिमांना कमी पैसे मिळाले. ज्यांना मदत हवी होती त्यांचे ओळखीचे लोकही त्यांच्यासारखेच अडचणीत होते, असाच त्याचा अर्थ मला लागतो. बातम्यांत दिसतात त्या यशस्वी मोहिमा, आणि शून्यावर बसलेल्या पानांचे स्क्रीनशॉट कोणी पुढे पाठवत नाही.

कलाक्षेत्रातील लोकवर्गणीबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांनी निर्माता मिळत नसल्याची व्यथा आपल्या ब्लॉगवर लिहिली. ती नोंद फेसबुकवरून पसरली आणि 'लूसिया' या 2013 मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटासाठी सुमारे 50 लाख रुपये उभे राहिले. पैसे देणारे होते 110. नोंद वाचणारे त्याच्या कितीतरी पट असतील, पण चित्रपट उभा केला एका मध्यम आकाराच्या सभागृहातही मावतील एवढ्या लोकांनी. उलट टोकाचा नमुना हवा असेल तर ओहायोमधील एका तरुणाने 2014 मध्ये बटाट्याचे सॅलड करण्यासाठी थट्टेने 10 डॉलर मागितले आणि त्याला 55 हजार डॉलरहून अधिक मिळाले. त्यातून काही शिकण्यासारखे आहे असे मला वाटत नाही.

सोशल मीडिया निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. पहिले वर्तुळ उभे राहिल्यावर दुसऱ्या वर्तुळापर्यंत, म्हणजे मित्रांच्या मित्रांपर्यंत, पोहोचण्याचे याहून स्वस्त साधन दुसरे नाही. परंतु तेथे कोणता प्रतिसाद उपयोगी पडतो हे समजून घ्यावे लागते. पोस्टखाली आलेल्या शेकडो इमोजींपेक्षा 'मी यांच्या मुलाची वर्गशिक्षिका आहे, परवा रुग्णालयात जाऊन भेटून आले' अशी एकच कमेंट अधिक पैसे आणते, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे, कारण तिच्यामुळे अनोळखी वाचकाची शंका फिटते. शेअर करणाऱ्यालाही मी विनवते की नुसती लिंक पुढे ढकलू नका, वर दोन ओळी स्वतःच्या लिहा, रुग्णाशी तुमचे नाते काय ते सांगा आणि तुम्ही दिले असेल तर दिले म्हणून सांगा. रक्कम सांगायची गरज नाही. 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' एवढेच लिहिलेला संदेश पोहोचतो खूप, पण थांबत कुठेच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर तो रुग्ण बरा होऊन किंवा दगावून वर्षे लोटली तरी फिरत राहतो, आणि अशा प्रत्येक शिळ्या संदेशामुळे पुढच्या खऱ्या संदेशावरचा विश्वास थोडा कमी होतो. म्हणून आवाहनात तारीख घालावी आणि निधी बंद झाला की तेही त्याच ग्रुपवर कळवावे.

सशुल्क जाहिरातींबद्दल माझे मत थोडे कडक आहे. यूट्यूबवर व्हिडिओ सुरू होण्याआधी नळ्या लावलेले, रडणारे बाळ आणि त्याच्या आईचा आक्रोश दाखवणाऱ्या मदतीच्या जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांतून काही कुटुंबांना पैसे मिळतात हे खरे. पण त्या जाहिरातीचा खर्च शेवटी कोणत्या ना कोणत्या मार्गाने देणगीतूनच निघतो, आणि रोज अशी दृश्ये पाहून बधिर झालेला प्रेक्षक पुढच्या वेळी पाच सेकंद संपण्याची वाट पाहत 'स्किप'वर बोट ठेवून बसतो. मी तयार केलेल्या पानांवर रुग्णाचा आजाराआधीचा फोटो पहिला असतो. त्यामुळे क्लिक कमी येत असतील तर येऊ देत.

याउलट ज्या गोष्टीकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते ती म्हणजे मधल्या काळातील हकिगत कळवत राहणे. किकस्टार्टरवरील अपडेटांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना 2014 मध्ये असे आढळले होते की प्रकल्पाच्या मूळ वर्णनापेक्षा मोहीम चालू असताना दिलेल्या विशिष्ट प्रकारच्या अपडेटांचा यशाशी अधिक घट्ट संबंध होता. मला याचे आश्चर्य वाटले नाही. शस्त्रक्रिया झाली, बिल एवढे आले, त्यापैकी एवढे थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा झाले, पुढचे केमो अमुक तारखेला आहे, अशा कोरड्या, आकड्यांनिशी लिहिलेल्या नोंदीनंतर आधी दिलेलेच लोक पुन्हा देतात आणि या वेळी त्यांच्या शेअरमध्ये जोर असतो. बँकेत इतकी वर्षे काढल्यामुळे मला हिशोबाची आवड असेल म्हणून कदाचित, पण पावतीचा फोटो ही या माध्यमावरील सर्वांत प्रभावी पोस्ट आहे असे माझे ठाम मत आहे.

हे सगळे ज्यांच्याजवळ ओळखीचे वर्तुळ आहे त्यांच्यासाठी. बांधकामावर काम करणाऱ्या, फोनमधले सगळे नंबर आपल्यासारख्याच मजुरांचे असणाऱ्या माणसासाठी यादी करायला बसले की पहिल्या दहा नावांतच वही मिटावी लागते. अशा कुटुंबाला पान उघडून देण्याआधी मी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे घेऊन जाते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम स्वतंत्र निधीत जमा करावी लागते. शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का हे पाहावे लागते आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही त्याच वेळी भरता येतो. यातून जी रक्कम शिल्लक राहते, तेवढ्याच रकमेचे पान आम्ही करतो, कारण लहान उद्दिष्ट लवकर भरत आलेले दिसते आणि भरत आलेल्या पानावर अनोळखी माणूससुद्धा दोनशे रुपये टाकायला फारसा कचरत नाही.